धार बारीक, काटा खाली

दिवाळी उलटली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळ्यात भिंतीची ओल आणि छताची गळती असते. त्यानंतर थंडी येते (आमच्या ठाण्यात तिला थंडी म्हणायचे झाले तर), आणि गिझर, सौर बंब, गरम पाण्याची धार यांवर पत्रे सुरू होतात. या वेळी त्यांतली सहा निवडली आहेत. एक पत्र थेट लीड्सहून आले आहे, पण लिहिणारे गृहस्थ वर्तकनगरचेच आहेत.

बहुतेक पत्रांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे गरम पाण्याला दाब गिझर देतो. गिझर दाब देत नाही. दाब येतो तो गच्चीवरच्या टाकीच्या उंचीतून किंवा पंपातून. गिझर, झडपा, पाइप आणि मिक्सर (गार-गरम पाणी मिसळणारा नळ) हे सारे त्यातला थोडाथोडा खर्च करत असतात. हिशेब सोपा आहे. १० मीटर उंच उभ्या पाण्याचा दाब सुमारे १ बार, म्हणजे प्लंबरच्या बोलीत ‘एक किलो’ भरतो. एका मजल्याला ३ मीटर धरले तर मजल्यामागे ०.३ किलो. एवढे आकडे हाताशी असले की कोणाचे म्हणणे खरे आणि कोणाचे ठोकून दिलेले, हे घरबसल्या पडताळता येते.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील २४ मजली इमारतीत आम्ही २२व्या मजल्यावर राहतो. गार पाण्याचा शॉवर उत्तम येतो, गरम पाणी मात्र करंगळीएवढ्या धारेने येते. गिझर २५ लिटरचा, चार वर्षांचा आहे. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने टाकीत क्षार साचल्याचे सांगून गिझर बदलण्याचा सल्ला दिला. सोसायटीचा प्लंबर म्हणतो की वरच्या मजल्यांना दाबच कमी असतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. प्लंबरचे म्हणणे आपल्याच पत्रातल्या दुसऱ्या वाक्याने खोडले जाते. गार आणि गरम पाणी एकाच उभ्या पाइपातून आपल्या न्हाणीघरात येते. दाबच कमी असता तर दोन्ही धारा बारीक झाल्या असत्या. शिवाय आपल्या शॉवरपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत साधारण ८-९ मीटर उंची भरते, म्हणजे पाऊण किलोहून थोडा अधिक दाब, आणि बऱ्याच टॉवरमध्ये वरच्या काही मजल्यांसाठी गच्चीवर वेगळा पंपही बसवलेला असतो. तंत्रज्ञाचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण उन्हाळ्यात घोडबंदर पट्ट्यात टँकरचे पाणी येते आणि त्यात बोअरवेलचे पाणी असेल तर ते नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यापेक्षा जड (अधिक क्षारांचे) असते. परंतु क्षार साचतो तो मुख्यतः कॉइलवर आणि टाकीच्या तळाशी. गरम पाणी मात्र टाकीच्या माथ्याजवळून बाहेर घेतले जाते. क्षार वाढला की पाणी तापायला वेळ लागतो, आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो, वीजबिल वाढते. यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. नुसत्या बारीक धारेवरून गिझर बदलणे म्हणजे सर्दी झाली म्हणून नाक बदलण्यासारखे आहे.

तेव्हा प्रथम मोजावे. १० लिटरची बादली घ्यावी आणि शॉवर नव्हे, तर खालच्या नळातून आधी फक्त गार, मग फक्त गरम पाणी पूर्ण उघडून किती सेकंदांत ती भरते ते पाहावे. त्यानंतर याच गिझरवरून बेसिनलाही गरम पाणी जात असेल तर तेथेही तेच करावे. बेसिनला गरम धार चांगली असेल तर दोष शॉवरच्या मिक्सरमध्ये आहे, आतल्या कार्ट्रिजमध्ये किंवा जाळीत कचरा अडकला असावा. दोन्हीकडे धार बारीक असेल तर अडथळा गिझरच्या आसपास आहे, आणि तेथे जागा मोजक्याच असतात: गिझरच्या खालचा अँगल कॉक (पाणी बंद करण्याची चावी), गार पाण्याच्या तोंडावरची सुरक्षा झडप, आणि दोन वेणीचे जोडपाइप.

प्लंबरला बोलावून त्याच्याकडून पुढील क्रमाने काम करून घ्यावे. गिझरचा एमसीबी पाडावा, आतले पाणी गार होऊ द्यावे, अँगल कॉक बंद करून गरम नळ उघडून दाब काढून टाकावा आणि मग गिझरच्या गरम पाण्याच्या तोंडावरचा जोडपाइप सोडवून खाली बादली धरावी. आता अँगल कॉक हळूहळू उघडला की गिझरमधून पाणी जोरात बादलीत पडले पाहिजे. पडले, तर गिझर आणि त्याच्या मागचा सारा भाग निर्दोष आहे आणि अडथळा पुढे मिक्सरकडे आहे. तेथेही धार बारीकच असेल तर अँगल कॉक किंवा सुरक्षा झडप काढून साफ करावी. धार अचानक बारीक झाली आणि त्याच सुमारास सोसायटीने टाकी धुतली होती, असे आठवत असेल तर मी सरळ झडपेतल्या रेतीवर संशय घेईन.

धार हळूहळू, काही महिन्यांत बारीक होत गेली असेल तर मात्र जोडपाइपाच्या टोकातला रबरी वॉशर (प्लंबर त्याला वायसर म्हणतात) आवर्जून पाहावा. वसंत विहारमधल्या एका घरी मी अगदी आपल्यासारखीच तक्रार पाहिली होती. नवा मिक्सर बसवून झाला होता, गिझरची टाकी उघडून झाली होती. शेवटी वेणीचा पाइप काढून उजेडाकडे धरला तेव्हा आतला वायसर पान्याच्या दाबाने चेपून आतल्या बाजूला फुगलेला दिसला. मधले भोक ज्वारीच्या दाण्याएवढे उरले होते. गरम पाण्याने रबर मऊ होते, त्यावर कोणीतरी गळू नये म्हणून जोर लावून आवळलेले. नवा वायसर हाताने आवळून वर पान्याचा जेमतेम पाव फेरा दिला आणि धार पूर्ववत झाली. गिझर अजून तोच आहे.

प्रश्न : सीवूड्सला २० मजली इमारतीत आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. नवा गिझर बसवल्यापासून तो तापू लागला की खालच्या पितळी झडपेतून पाणी ठिबकत असे. दुकानातून आलेल्या माणसाने झडपेच्या तोंडाला प्लग बसवून दिला आणि ठिबक थांबली. आता मात्र सकाळी गरम नळ उघडला की पहिल्या क्षणी पाणी फुसकन अंगावर येते. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही, आणि हे वाचून होताच गिझरचे बटण बंद करावे. तो प्लग काढेपर्यंत ते पुन्हा लावू नये. त्या माणसाने गळती थांबवलेली नाही, गिझरचे संरक्षण काढून घेतले आहे.

पाणी तापले की फुगते. २५ अंशांचे पाणी ६० अंशांवर नेले तर त्याचे आकारमान सुमारे १.४ टक्के वाढते, म्हणजे २५ लिटरच्या टाकीत साडेतीनशे मिलिलिटर, चहाचे तीन-चार कप पाणी जास्तीचे होते. पाणी दाबून लहान होत नाही, त्याला जागा लागते. पूर्वीच्या जोडणीत हे वाढलेले पाणी आल्या वाटेने मागे, गार पाइपात सरकत असे आणि कोणाला पत्ताही लागत नसे. आताच्या झडपेत नॉन-रिटर्नची सोय असते, तिने ती वाट बंद होते, आणि म्हणूनच त्याच झडपेला जादा दाब सोडण्याचे तोंड ठेवलेले असते. ते बुजवले की साडेतीनशे मिलिलिटर पाण्याला कोठेच जागा उरत नाही आणि टाकीतला दाब प्रत्येक तापवणीबरोबर चढतो. सकाळचे ते ‘फुसकन’ म्हणजे रात्रभर कोंडलेला हा दाब आहे. अशी टाकी सांध्यावर फाटते. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापले की वीज तोडणारा भाग) नेमका त्याच वेळी बिघडला तर काय होईल, ते लिहून घाबरवण्याची माझी इच्छा नाही.

प्लग काढल्यावर झडप पुन्हा ठिबकेल. ठिबकू द्यावी, तिच्या तोंडाला बारीक नळी लावून ती न्हाणीच्या जाळीपर्यंत नेली की झाले. फक्त एकदा खाली मापाचा पेला ठेवून पाहावे. गिझर तापत असतानाच ठिबकते, पेलाभर पाणी पडते आणि नंतर थांबते, तर झडप आपले काम करते आहे. गिझर तासन्‌तास बंद असतानाही ठिबकत राहिली तर कारणे दोन: झडपेच्या बैठकीत रेतीचा कण अडकला आहे, किंवा इमारतीचा दाबच जास्त आहे. झडपेला लहानशी कळ असेल तर ती दोन-तीनदा उचलून सोडावी, कण बहुधा वाहून जातो.

दाबाचे बोलायचे तर, आपल्या मजल्यापासून टाकीपर्यंत १७ मजले आहेत, म्हणजे ५१ मीटर, म्हणजे पाच किलोंहून अधिक. उंच इमारतींसाठीच्या गिझरच्या पट्टीवर बहुधा ८ बार किंवा ०.८ मेगापास्कल असे लिहिलेले असते. आपली पट्टी वाचून पाहावी. पाच किलो आधीच आत असताना तापण्याने ८ गाठायला फार वेळ लागत नाही. म्हणूनच अशा इमारतींत खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारी झडप, म्हणजे पीआरव्ही, डक्टमध्ये बसवलेली असते. ती चालू आहे की नाही हे कळण्यासाठी अर्ध्या इंची चुडीचा (आट्यांचा) प्रेशर गेज, म्हणजे दाब दाखवणारे मीटर, घ्यावा, तो काही शे रुपयांत मिळतो. वॉशिंग मशीनच्या नळाला तो लावून संध्याकाळी एकदा आणि रात्री दोन-तीन वाजता एकदा काटा पाहावा. संध्याकाळी अडीच आणि मध्यरात्री पाच, असे दिसले तर पीआरव्हीची बैठक झिजली आहे: पाणी वाहत असताना ती दाब धरते, पण सगळे नळ बंद झाले की पाणी झिरपून दाब वर चढतो. दिवसा पाहणी करून ‘सब ठीक’ असा शेरा देणाऱ्या माणसाला हे कधीच दिसत नाही. गेजचे दोन फोटो, वेळेसह, सोसायटीच्या कार्यालयात द्यावेत.

प्रश्न : मी वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात २८ वर्षे बॉयलर अटेंडंट होतो. सध्या आम्ही दोघे लीड्सला मुलीकडे आलो आहोत. घर भाड्याचे आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅसवर चालणारा बॉयलर आहे, तो खोल्यांतले रेडिएटर आणि नळाचे पाणी दोन्ही तापवतो. थंड असताना पाणी भरून दाबाचा काटा १.२ बारवर आणला तर तापल्यावर तो २.८च्याही पुढे जातो आणि सकाळी ०.४ वर आलेला असतो. मग यंत्र बंद पडते. जावई खालची चावी फिरवून पुन्हा पाणी भरतात. आठवड्यातून दोनदा हे चालते. घरात गळती कोठेच दिसत नाही. बॉयलरमध्ये पाणी कमी पडणे म्हणजे काय, हे मी जाणतो; म्हणून मला झोप लागत नाही. मुलगी म्हणते, बाबा, इथे सगळ्यांचे असेच होते.

उत्तर : आपली भीती वागळे इस्टेटमधून आपल्याबरोबर तेथे आली आहे, आणि कारखान्यात ती अगदी रास्त होती. वाफेच्या बॉयलरमध्ये गेज ग्लासमधले (पातळी दाखवणाऱ्या काचेतले) पाणी दिसेनासे होणे आणि तशा तापल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. तेथल्या घरातल्या यंत्रालाही नाव बॉयलरच आहे, पण त्यात पाणी उकळत नाही आणि वाफही होत नाही. साधारण ६०-७० अंशांपर्यंत तापवलेले पाणी पंप रेडिएटरमधून फिरवतो आणि परत आणतो. वर्तुळ बंद असते, तेच पाणी महिनोन्‌महिने फिरते, आणि काटा दाखवतो तो या कोंडलेल्या पाण्याचा दाब. घरच्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या दाबाशी त्याचा संबंध नाही. थंड असताना १ ते १.५ बार, तापल्यावर २च्या आसपास, ही त्याची निरोगी चाल. दाब ०.५च्या खाली गेला की बहुतेक यंत्रे स्वतःहून थांबतात, ३ बारला सुरक्षा झडप उघडते. म्हणजे सकाळी ते बंद पडते ते बिघडून नव्हे, शहाणपणाने. रात्री निर्धास्त झोपावे.

मुलीचे म्हणणे मात्र मला पटत नाही. ‘सगळ्यांचे असेच होते’ याला निदान म्हणत नाहीत, आणि आपल्या पत्रात निदानाला पुरेसे आकडे आहेत. नुसती कोठे गळती असती तर दाब यंत्र थंड असताना आणि तापल्यावर, दोन्ही वेळा कमीच दिसला असता. आपल्याकडे तो तापल्यावर १.२ वरून २.८च्या पुढे उडी मारतो. याचा अर्थ फुगलेल्या पाण्याला जागा मिळत नाही. वर सीवूड्सच्या पत्राला जे उत्तर दिले आहे तेच येथे दुसऱ्या रूपात आहे. बंद वर्तुळात पाणी मागे सरकू शकत नाही, म्हणून यंत्रात एक चपटी पोलादी प्रसरण टाकी बसवलेली असते. तिच्या मधोमध रबरी पडदा, एका बाजूला वर्तुळातले पाणी, दुसऱ्या बाजूला हवा, साधारणपणे पाऊण ते एक बार दाबाने भरलेली. पाणी फुगले की पडदा हवेकडे झुकतो आणि काटा थोडासाच चढतो. वर्षे गेली की सायकलच्या ट्यूबमधून उतरावी तशी ही हवा उतरते, क्वचित पडदाही फाटतो. मग टाकी पाण्याने भरून जाते, फुगवट्याला जागा उरत नाही, काटा ३ कडे धावतो, झडप उघडून थोडे पाणी बाहेर सोडते, आणि रात्री यंत्र गार झाले की तेवढेच पाणी कमी पडल्याने काटा ०.४ वर येतो. जावई भरतात, झडप सांडते.

घरात गळती दिसत नाही, कारण ते पाणी घराबाहेर पडते. बॉयलर ज्या भिंतीवर आहे तिच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक तांब्याचा पाइप बाहेर येऊन पुन्हा भिंतीकडे वळलेला दिसेल. त्याच्या तोंडाखाली भिंतीवर पांढुरका किंवा हिरवट ओघळ आहे का, ते पाहावे. पाऊस नसलेला दिवस लीड्सला सापडला तर खाली डबा ठेवून यंत्र तासभर चालवावे. डब्यात पाणी जमले की खात्री झाली. त्या पाइपाचे तोंड बुजवण्याचा मोह मात्र कोणालाही होऊ देऊ नये. सीवूड्सचा प्लग आठवावा.

यावरचा उपाय मोठा नाही. यंत्र गार करून, वर्तुळातला दाब शून्यावर आणून, टाकीच्या व्हॉल्व्हमधून पंपाने हवा भरतात. हा व्हॉल्व्ह मोटारीच्या चाकासारखाच असतो. त्याची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले तर पडदा फाटला आहे आणि टाकी बदलावी लागेल. वारंवार उघडलेली सुरक्षा झडपही पुन्हा नीट बसत नाही, म्हणून तीही बदलून घेणे बरे. पण हे आपण करू नये, हात कितीही शिवशिवले तरी. तेथे गॅसच्या यंत्रावर काम करणारा माणूस ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंदलेला असावा लागतो, आणि तो येताना ओळखपत्र दाखवतो. घर भाड्याचे असल्यामुळे खर्चाचीही चिंता नाही. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातील खोल्या व पाणी तापवण्याची यंत्रणा चालू ठेवणे ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, आणि त्याच्या गॅसच्या यंत्रांची दरवर्षी तपासणी करून घेणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. आपल्याला लॉगबुक लिहिण्याची २८ वर्षांची सवय आहे, ती येथे कामी आणावी: पाच दिवस सकाळी यंत्र सुरू होण्यापूर्वीचा आकडा, सुरू झाल्यावर तासाभराने आकडा, आणि पाणी कधी भरले त्याची वेळ. ‘प्रेशर जाते’ अशा तोंडी तक्रारीवर घरमालक आठवडा घालवील, असा तक्ता पाहिल्यावर त्याचा माणूस प्रसरण टाकीचाच विचार करून येईल.

तोवर पाणी भरावेच लागले तर यंत्र गार असताना, भरण्याच्या पाइपावरच्या दोन्ही चाव्या हळूहळू उघडून, काटा १.२ला आला की दोन्ही घट्ट बंद कराव्यात आणि भरण्याचा वेणीचा पाइप सोडवता येण्याजोगा असेल तर सोडवून ठेवावा. त्यातली एक चावी किंचित उघडी राहिली तर काटा यंत्र बंद असतानाही वर चढत जातो, आणि मग निदान पार चुकते. दर तीन दिवसांनी पाणी भरणे ही सवय मात्र होऊ नये. नव्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, रेडिएटरचे पोलाद आतून गंजते आणि काळा गाळ पंपात बसतो. आपल्या कारखान्यात फीड वॉटरमधला (बॉयलरला पुरवायच्या पाण्यातला) प्राणवायू काढण्यासाठी जी खटपट असे, तिचे कारण हेच.

डब्यात पाणी जमलेच नाही तर शोध पुढे न्यावा लागेल: रेडिएटरच्या चाव्यांच्या बुंध्याशी हिरवट पापुद्रा, खालच्या मजल्याच्या छतावर डाग. तंत्रज्ञ रात्रभर बॉयलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या चाव्या बंद ठेवूनही पाहू शकतो. तशाही स्थितीत बॉयलरचा काटा उतरला तर दोष यंत्रात आहे, स्थिर राहिला तर जमिनीखालच्या पाइपांत. कोणी नुकतीच रेडिएटरमधली हवा काढली असेल तर काटा एकदा उतरणे स्वाभाविक आहे, परंतु एकदाच.

प्रश्न : ऐरोलीतील आमच्या सात मजली इमारतीला गच्चीवर सौर बंब आहेत. सकाळी साडेसहापर्यंत पाणी कढत येते, त्यानंतर मधल्या मजल्यांवर गरम नळाला कोमट आणि कधी चक्क गार पाणी येते. टाकीतले पाणी मात्र तेव्हाही गरमच असते. पॅनेल धुऊन झाले, काचनळ्या बदलून झाल्या.

उत्तर : टाकी गरम आणि नळ गार, म्हणजे पॅनेल निर्दोष आहेत. गरम पाइपात कोणाच्या तरी घरातून गार पाणी शिरते आहे. सौर टाकीचे पाणी केवळ उंचीच्या दाबाने उतरते. एखाद्या घरात गार पाण्याला छोटा प्रेशर पंप बसवलेला असेल तर तेथे गार पाण्याचा दाब गरमपेक्षा जास्त होतो, आणि मिक्सर उघडा ठेवून हँड शॉवर त्याच्याच खटक्याने बंद केलेला असेल तर गार पाणी मिक्सरमधून उलटे गरम पाइपात चढते. दोन-चार घरांत अशी सवय असली की साडेसहानंतर सगळ्या इमारतीचे पाणी कोमट होते.

दोषी घर शोधण्याची रीत अशी. दुपारी, वापर नसताना, गच्चीवरचा गरम पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि सर्वांत खालच्या मजल्यावर एक गरम नळ उघडा सोडावा. उभ्या पाइपातले पाणी रिकामे होऊन धार थांबली पाहिजे. वाहतच राहिली तर ते पाणी कोणाच्या तरी गार पाइपातून येते आहे. आता एकेका घराचा गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करत जावे. ज्या घराचा बंद करताच धार मंदावते किंवा थांबते, ते घर. तेथे मिक्सरच्या गरम आणि गार दोन्ही तोंडांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावेत. हे काम समितीच्या दोन सदस्यांनी मिळून करावे, एकट्याने गेल्यास भांडण होते, हे अनुभवाने लिहितो. सौर पाण्याच्या पुढे जोडलेल्या गिझरचा बायपास (गिझर टाळून जाणारी वाट) उघडा राहिल्यानेही हेच घडते. तोही पाहून घ्यावा.

प्रश्न : कोपरीला चार मजली जुन्या इमारतीत आम्ही सर्वांत वर राहतो. न्हाणीघरात पाइप गॅसवरचा गिझर आहे. शॉवर लावला की तो पेटत नाही, बादलीत नळ सोडला तर पेटतो.

उत्तर : गॅस गिझरमध्ये पाण्याच्या प्रवाहाने एक पडदा हलतो, आणि तो हलला तरच गॅसची वाट उघडते. आपली टाकी डोक्यावर जेमतेम अडीच मीटर असावी, म्हणजे दाब पाव किलो. नळातून तो पुरतो, शॉवरच्या बारीक छिद्रांतून पुरत नाही. गिझरच्या पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी साफ करावी, शॉवर मोठ्या छिद्रांचा घ्यावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर टाकीनंतरच्या पाइपावर प्रवाहाबरोबर आपोआप चालू-बंद होणारा लहान पंप बसवावा.

पण दाबापेक्षा मोठी गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे. गॅस गिझर न्हाणीघरात असता कामा नये. बंद न्हाणीघरात तो प्राणवायू संपवतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला वास नसतो, माणसाला गुंगी येते आणि दार उघडण्याचे भान राहत नाही. तो बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत हलवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणावा. हे काम अधिकृत गॅस फिटरकडूनच करून घ्यावे आणि ते होईपर्यंत बादलीही त्यावर तापवू नये.

प्रश्न : कळव्याला आमच्या चाळीत सकाळी नळाला धार नसते. महापालिकेच्या पाइपाला छोटी मोटर लावली तर गिझरला दाब मिळेल का?

उत्तर : मिळेल, पण जलवाहिनीला थेट मोटर लावणे नियमबाह्य आहे आणि पकडल्यास ती जप्त होते. शिवाय मोटर पाइपात पोकळी निर्माण करते, आणि गटाराशेजारून जाणाऱ्या जुन्या पाइपाचा एखादा सांधा सैल असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते, ते शेजाऱ्यांच्याही हंड्यात जाते. पाणी येते तेव्हा खालच्या पिंपात साठवावे, तेथून मोटरने माळ्यावरच्या टाकीत चढवावे आणि गिझर त्या टाकीवर जोडावा. माळ्यावरची टाकी दीड-दोन मीटर उंचीवरच असेल तर शॉवरचा नाद सोडून गरम पाणी बादलीतच घ्यावे.